पहिल्यांदाच नाण्यांच्या प्रदर्शनाला जाताय? पुण्यातल्या नवख्यांसाठी जरा सविस्तर

दरवर्षी प्रदर्शनाच्या तारखा लागल्या की मला चार-पाच फोन ठरलेले. कुणाच्या आजोबांच्या ट्रंकेत पितळी डबा सापडलेला असतो, कुणाच्या मुलाला नाणी जमवायचं वेड लागलेलं असतं, कुणी नुसतं पेपरात वाचलेलं असतं, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, की आम्ही मागच्या वेळी गेलो होतो, एक चक्कर मारली, काही कळलं नाही, वीस मिनिटांत बाहेर येऊन चहा प्यायलो आणि घरी. मला हे ऐकून खरंच वाईट वाटतं. म्युझियममध्ये नाणं काचेच्या पलीकडे असतं, मोबाईलवर नुसता फोटो असतो, पण इथे सातवाहनांचं नाणं तुम्ही तुमच्या बोटांत धरून फिरवून बघू शकता आणि समोर बसलेला माणूस पंचवीस-तीस वर्षं हेच करत आलेला असतो, विचारलं तर सांगतो. म्हणून फोनवर जे तुकड्यातुकड्याने सांगतो ते एकदा सलग लिहून काढतोय.

पुण्यात इंटरनॅशनल कलेक्टर्स सोसायटी ऑफ रेअर आयटम्स ही इथलीच संस्था कॉइनेक्स नावाने प्रदर्शन भरवते. खाली जे लिहिलंय ते अशा कुठल्याही मोठ्या प्रदर्शनाला लागू पडतं, मुंबईला गेलात तरी. साधारण तीन गोष्टी असतात आत. एक म्हणजे डीलर लोकांची टेबलं, हे सगळ्यात जास्त, आणि ते सुरत, अहमदाबाद, कोलकाता कुठून कुठून आलेले असतात त्यामुळे हिंदी बोलायची तयारी ठेवा. दुसरं म्हणजे संग्राहकांनी मांडलेल्या फ्रेम, ज्या विकायच्या नसतात. आणि तिसरं म्हणजे लिलाव. भाषणं, टपाल खात्याच्या विशेष आवरणाचं, म्हणजे खास छापलेल्या पाकिटाचं, प्रकाशन वगैरे पण बऱ्याचदा असतं.

घरातून निघायच्या आधी

एक विषय ठरवा. एकच. हे मी हात जोडून सांगतो, कारण आत गेल्यावर डोळे फिरतात, चांदीचे रुपये, मुघल मोहरा, परदेशी नोटा, टोकन, मेडल, सगळंच हवंसं वाटतं आणि शेवटी पिशवीत दहा वेगवेगळ्या जातीच्या वस्तू येतात ज्यांचं एकमेकांशी काही नातं नसतं.

नवीन माणसासाठी मला सगळ्यात आवडणारा विषय म्हणजे स्वतंत्र भारताची दशमान नाणी. १ एप्रिल १९५७ पासून आपल्याकडे आणे-पै जाऊन शंभर पैशाचा रुपया आला, १९६४ पर्यंत त्याला नया पैसा म्हणायचे, मग नया गेला नुसता पैसा राहिला. त्या काळातली १, २, ३, ५, १०, २०, २५, ५० पैसे अशी सगळी नाणी थोड्या पैशांत जमतात. तीन पैशाचं षटकोनी ॲल्युमिनियमचं नाणं फक्त १९६४ ते १९७१ एवढ्याच वर्षांतलं आहे, पिवळं कमळाचं वीस पैशाचं नाणं तुमच्या आईबाबांनी वापरलेलं असेल, घरी दाखवलंत तर तासभर गप्पा होतील. शिवाय यातच टांकसाळीच्या खुणा शिकता येतात. नाण्यावरच्या सालाच्या खाली बघा, हिऱ्यासारखी चौकट असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, बारीक टिंब असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. अगदी सगळ्या काळात हेच असं नाही, जुन्या नाण्यांवर थोडा फरक आहे, पण सुरुवातीला एवढं पुरतं. खिशातल्या चिल्लरवर आजच बघा.

दुसरा विषय म्हणजे ब्रिटिश काळातले चांदीचे रुपये, आणि तिसरा आपला मराठ्यांची नाणी, म्हणजे तांब्याची शिवराई, चांदीचा अंकुशी रुपया, त्यावर पुढे बोलतो.

विषय ठरला की त्यातली पाच-सहा नाणी निवडून फोनमध्ये यादी करा, प्रत्येकापुढे वजन, धातू, साल, आणि अलीकडच्या एखाद्या लिलावात काय भाव गेला ते. डीलरच्या पाकिटावर केएम आणि पुढे आकडा लिहिलेला दिसेल, तो क्राउझ आणि मिशलर यांच्या कॅटलॉगमधला नंबर, तो पण टिपून ठेवलात तर समोरच्याशी बोलणं सोपं जातं.

पिशवीत काय

दहा पटीचं भिंग, ज्याला लूप म्हणतात. मोबाईलचा कॅमेरा चालतो पण भिंगाची सवय लावा. खिशात मावणारा छोटा वजनकाटा, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा. एक छोटी वही. काही रिकामे होल्डर, म्हणजे ते चौकोनी पुठ्ठ्याचे मधे पारदर्शक खिडकी असलेले. लोहचुंबकाचा छोटा तुकडा पण ठेवा. पैसे थोडे रोख आणि सुट्टे, कारण यूपीआय सगळीकडे चालतं पण भरलेल्या हॉलमध्ये नेटवर्क नेमकं तेव्हाच गोल फिरत बसतं आणि तोवर तुमचं नाणं दुसरा कुणी उचलतो. रोख रकमेचं एक पाकीट करा, आजचं बजेट एवढंच, ते संपलं की खरेदी बंद. मी आजही असंच करतो.

पिशवी पाठीला नको, पुढे लटकवा. चहाचा कप टेबलाजवळ न्यायचा नाही.

पोचायचं कसं म्हणाल तर कर्वे रोडच्या बाजूला प्रदर्शन असेल तर गाडी काढूच नका, मेट्रोने गरवारे कॉलेज स्टेशनला उतरा, पार्किंग शोधण्यात जो अर्धा तास जातो तो आत जास्त कामाचा आहे. हॉल कुठला ते मात्र त्या वर्षीची जाहिरात बघूनच.

कुठल्या दिवशी जायचं? जमत असेल तर दोनदा. पहिल्या दिवशी माल सगळा असतो पण गर्दीही तुफान आणि डीलर आपापसात व्यवहार करण्यात गुंतलेले, नवीन माणसाशी बोलायला त्यांना फुरसत नसते. शेवटच्या दिवशी दुपारनंतर निवांत असतं, लोक दोन शब्द जास्त बोलतात, भावातही थोडं नमतात कारण उरलेला माल परत बांधून न्यायचा असतो. एकच दिवस मिळत असेल तर मी नवख्याला शेवटचा दिवस सांगेन, बोलणं झालं पाहिजे हे महत्त्वाचं.

पहिला तास एक रुपयाही खर्च करायचा नाही

आत शिरल्या शिरल्या आधी फ्रेमकडे जा. सगळे टेबलांकडे पळतात आणि फ्रेमसमोर शुकशुकाट असतो. एखाद्याने वीस वर्षं घालवून एकाच राजाची किंवा एकाच टांकसाळीची नाणी क्रमाने लावलेली असतात, खाली हाताने लिहिलेली माहिती, आणि बऱ्याचदा तो माणूस स्वतः जवळपासच घुटमळत असतो. त्याला विचारा. काका, हे दोन्ही एकसारखेच दिसतात, वेगळे का लावलेत? एवढा एक प्रश्न विचारलात की पुढची पंधरा मिनिटं तुमची. मला स्वतःला अंकुशी रुपयावरचा अंकुश असाच एका फ्रेमसमोर पहिल्यांदा दिसला. नाणं पेशवाईतलं, पुण्याच्या टांकसाळीचं, पण अक्षरं फारसी आणि नाव दिल्लीच्या बादशहाचं, शाह आलमचं, मला तेव्हा काही अर्थच लागेना. त्या काकांनी सांगितलं की मराठ्यांनी रुपया पाडला तरी बाजारात चालायला त्यावर बादशहाचंच नाव ठेवलं, आपली ओळख म्हणून एखादी खूण टाकली, इथे ती हत्तीचा अंकुश. आणि औरंगजेबाने पुण्याला मुहियाबाद नाव दिलं होतं ते नावही पुढे मराठ्यांच्या पुण्याच्या नाण्यांवर दिसतं. शनिवारवाड्यापासून दोन किलोमीटरवर राहून मला हे माहीत नव्हतं.

मग टेबलांची एक पूर्ण फेरी मारा, फक्त बघत. आपल्या यादीतलं नाणं कुणाकडे आहे, काय भाव सांगतोय, टेबल नंबर वहीत लिहा. एकाच नाण्याचे तीन टेबलांवर तीन भाव दिसतील, आणि त्यात कुणी फसवतंय असं लगेच समजू नका, नाण्याची अवस्था वेगळी असते.

टेबलावर वागायचं कसं

विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. "बघू का?" एवढं म्हटलं की पुरतं, हिंदीत म्हणा, कसंही म्हणा. नाणं कायम कडेने धरायचं, अंगठा आणि पहिलं बोट, चेहऱ्याला बोट लागता कामा नये कारण बोटाच्या तेलाचा डाग तांब्यावर कायमचा उमटतो. धरताना हात ट्रेच्या वर, म्हणजे सुटलं तर मखमलीवर पडेल. एका वेळी एकच नाणं, ते परत दिलं की मगच दुसरं. पाकिटातलं नाणं बाहेर काढायचं असेल तर त्यांनाच काढायला सांगा. फोटो काढायच्या आधी विचारा.

आणि एक जुनी सवय घरी ठेवून या. आपल्याकडे खणखणीत रुपया वाजवून घ्यायची पद्धत होती, आजीआजोबा तसंच घ्यायचे, पण इथे कुणाच्या टेबलावर नाणं आपटायचं नाही. शंभर वर्षं जपलेल्या कडेला त्याने खोक पडते आणि किंमत तिथेच उतरते.

दुसऱ्या कुणाचा व्यवहार चालू असेल तर मधे बोलू नका, आणि "पलीकडे स्वस्त आहे" हे मोठ्याने तर अजिबात नको.

खरं-खोटं

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण नवीन माणूस हौस सोडतो तो इथेच.

माझी पहिली शिवराई मी रस्त्यावर पथारी टाकून बसलेल्या एकाकडून घेतली होती, अनेक वर्षांपूर्वी. काय सुंदर होती. एका बाजूला श्री राजा शिव, दुसऱ्या बाजूला छत्रपति, सगळी अक्षरं पूर्ण, भोवतीचे ठिपके पण पूर्ण. दोन वर्षं ती मी देव्हाऱ्यात ठेवली होती. मग एका प्रदर्शनात एका वयस्कर डीलरला दाखवली, त्यांनी काही न बोलता आपल्या ट्रेमधल्या तीन शिवराया काढून माझ्या शिवराईशेजारी ठेवल्या आणि म्हणाले, तूच बघ. त्या तिन्ही वाकड्यातिकड्या, कुठे श्री अर्धा कापला गेलेला, कुठे पति दिसतच नाही, एकीचा काठ फाटलेला. कारण खरी शिवराई हाताने पाडलेली, तांब्याचा तुकडा ठशावर ठेवून वरून घण मारायचा, आणि ठसा त्या तुकड्यापेक्षा मोठा असायचा, त्यामुळे सगळी अक्षरं एका नाण्यावर मावतच नाहीत बऱ्याचदा. माझी होती ती ओतीव होती. अक्षरांच्या कडा मऊ, साबणासारख्या, पृष्ठभागावर बारीक बारीक भोकं, आणि काठावर भिंगातून बघितलं तर दोन साचे जोडल्याची रेघ. ती चार नाणी शेजारी ठेवून बघितलेली पाच मिनिटं मला कुठल्याही पुस्तकाने शिकवलं नसतं एवढं शिकवून गेली. वाईट वाटलं, खूप वाटलं, पण त्या दिवसापासून डोळा उघडला.

म्हणून खरेदी करायच्या आधी खरी नाणी भरपूर हाताळा. मागा बघायला. न घेता बघितलं तर चांगला डीलर रागवत नाही, फक्त प्रामाणिकपणे आधी सांगा की मी नवीन आहे, आज शिकायला आलोय.

आता काही ठोस खुणा. १८३५ पासून ईस्ट इंडिया कंपनीने सगळीकडे एकच रुपया चालू केला, त्याचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे जुना बरोबर एक तोळा, आणि चांदी ९१.७ टक्के. राणीछाप, एडवर्ड, पंचम जॉर्ज, सगळ्यांना हेच माप. झिजलेला असेल तर थोडं कमी भरेल पण साडेदहाच्या खाली गेला किंवा बाराच्या वर गेला तर ठेवून द्या. चांदीला लोहचुंबक लागत नाही, लागला तर विषय संपला. पण चुंबक न लागणं म्हणजे खरं असं मात्र नाही, हे लक्षात असू द्या. १९४० पासून रुपयातली चांदी ५० टक्क्यांवर आली आणि १९४७ चा मागे वाघ असलेला रुपया निकेलचा आहे, त्याला चुंबक लागतो आणि तो खराच असतो, म्हणजे कुठल्या सालचा रुपया कुठल्या धातूचा हे आधी माहीत पाहिजे. १९३९ चा रुपया दुर्मिळ, म्हणून त्याच्या नकला खूप फिरतात, नवीन माणसाने तो या वर्षी घेऊ नये. १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया पण लोक विचारतात, राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, बोंब झाली, तो रुपया मागे घेतला आणि १९१२ ला हत्तीची सोंड नीट करून नवीन काढला. बघायला मिळाला तर दोन्ही शेजारी ठेवून भिंगाने बघा, मजा येते.

काही गोष्टी तर नाणीच नाहीत. ईस्ट इंडिया कंपनी, १८१८, आणि मागे राम दरबार किंवा हनुमान, असलं काही कंपनीने कधी काढलेलं नाही. यूकेएल वन आना असं लिहिलेलं नाणं, तेही तसलंच. रामटंका म्हणून मिळतात त्या देवळातल्या पूजेच्या मुद्रा, श्रद्धेने ठेवा, पण अकबराच्या काळातल्या म्हणून हजारो रुपये देऊ नका. आणि तांदूळ ओढणारं चमत्कारी नाणं दाखवतो म्हणून कुणी बाजूला बोलवलं तर सरळ तिथून निघा, या राइस पुलरच्या नादाने आपल्या महाराष्ट्रात लोकांची घरं बसलीयेत. शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन कुणी कागदात गुंडाळून दाखवत असेल तर तेच. खरे होन मोजके, ते असे हळूच खिशातून निघत नाहीत.

अवस्था म्हणजे काय

डीलरच्या तोंडी एफ, व्हीएफ, एक्सएफ, यूएनसी असं येईल. फाइन म्हणजे बऱ्यापैकी झिजलेलं पण वाचता येतं, व्हेरी फाइन त्याहून बरं, एक्स्ट्रा फाइन म्हणजे अगदी उंच भागावर थोडीशी झीज, आणि यूएनसी म्हणजे वापरातच आलं नाही. राणीछाप रुपयावर शिकायचं असेल तर राणीचे कपाळावरचे केस आणि अंगावरच्या कपड्याची नक्षी बघा, झीज आधी तिथे सुरू होते. एनजीसी किंवा पीसीजीएस या नाणी तपासून दर्जा ठरवणाऱ्या कंपन्या, त्यांच्या सीलबंद प्लास्टिक डबीत १ ते ७० मधला आकडा लिहिलेली नाणी असतात, त्याला स्लॅब म्हणतात, महाग नाणं घेताना त्याचा आधार होतो पण डबीचीही नक्कल होते, डबीवरचा नंबर त्या कंपनीच्या साइटवर टाकून बघा. सुरुवातीला स्वस्त नाणं घेताना याची गरज नाही.

अवस्थेबद्दल घरची गोष्ट सांगतो. आमच्याकडे सात राणीछाप रुपये होते, लक्ष्मीपूजनाला काढायचे. आत्या दरवर्षी ते राखेने, मग पुढे पुढे चिंचेने, नंतर पावडरीने घासून लखलखीत करायची, अगदी मनापासून. ते मी एकदा प्रदर्शनात दाखवायला नेले. त्या बाईंनी, डीलर बाई होत्या, भिंग लावलं आणि हळूच म्हणाल्या, दर दिवाळीला घासलेत ना? राणीचे केस गेले होते, चेहरा गुळगुळीत, आणि सगळीकडे बारीक ओरखडे एकाच दिशेने. नाण्यावर काळसर निळसर जो थर येतो तो मळ नाही, ते चांदीचं वयात आलेलं रूप आहे, पॅटिना म्हणतात, आणि जाणकार त्यासाठी जास्त पैसे देतो. घासल्यावर उरते फक्त चांदीची किंमत, रुपयाला साधारण १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी. आमचे सात रुपये अजून आहेत, आता घासत नाही, हळदकुंकू पण शेजारी वाहतो.

भाव करणं

भाव करायचा, त्यात लाजायचं काही नाही. "शेवटचं काय लावाल?" हे वाक्य सगळ्यांना कळतं. थोडंफार कमी होतं, एकाच टेबलावरून तीन-चार नाणी घेतली तर अजून. पण सांगितल्याच्या निम्म्याने मागू नका, आपण तुळशीबागेत नाही. भाव ठरला, हो म्हणालात, की मग मागे फिरायचं नाही. हे क्षेत्र शब्दावर चालतं आणि पुण्यात तर सगळे सगळ्यांना ओळखतात. बिल मागा, त्यावर नाण्याचं वर्णन नीट लिहून घ्या, आणि नाणं खोटं निघालं तर परत घेणार का हे आधीच तोंडावर विचारा. जो खरा आहे तो लगेच हो म्हणतो.

लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना परदेशी सुट्ट्या नाण्यांचा जो ढीग असतो, कुठलंही उचला एकच भाव, तिथे सोडा. माझी भाची तिथे दीड तास जमिनीवर बसली होती आणि घरी येऊन नकाशा उघडला.

नोटांबद्दल थोडक्यात

नोटांत अवस्था आणखी कडक. घडी पडली की भाव पडला. जुन्या कोऱ्या नोटांना डावीकडे दोन बारीक भोकं दिसली तर घाबरू नका, पूर्वी बँका गड्ड्यांना स्टेपल मारायच्या, बऱ्याच वर्षांनी ते बंद झालं. आपल्याकडे एक रुपयाची नोट पहिल्यांदा १९१७ ला आली, पहिल्या महायुद्धात चांदी कमी पडली म्हणून. आणि एक रुपयाच्या नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सही नसते, अर्थ सचिवाची असते, ती नोट भारत सरकारची. वेगवेगळ्या सह्यांच्या एक रुपयाच्या नोटा हा कमी खर्चाचा फार सुंदर विषय आहे. ७८६ नंबर, वाढदिवसाचा नंबर वगैरे हौसेपुरतं ठीक.

लिलावात पहिल्या वर्षी फक्त बसा

कॅटलॉग आधी मिळतो, त्यात प्रत्येक लॉटचा, म्हणजे एका बोलीत जाणाऱ्या नाण्याचा किंवा गटाचा, अंदाजे भाव असतो. लिलावाआधी लॉट बघायची वेळ दिलेली असते, ती चुकवू नका, बोली लावायची नसली तरी, कारण टेबलावर कधी न येणारी नाणी तेव्हा हातात मिळतात. बसायचं मागे, आणि प्रत्येक लॉट कितीला गेला ते कॅटलॉगवर पेन्सिलने लिहीत जायचं. दोन तासांत बाजाराचा जो अंदाज येतो तो दुसरीकडे कुठे येत नाही. पुढे कधी बोली लावाल तेव्हा लक्षात ठेवा, हातोडा पडतो त्या रकमेवर लिलाव कंपनीचं कमिशन, ज्याला बायर्स प्रीमियम म्हणतात, आणि वर जीएसटी, म्हणजे दहा हजाराला घेतलं असं वाटतं आणि खिशातून त्याच्या बरंच वर जातं. त्यामुळे आपली मर्यादा आधी हे सगळं धरून काढा आणि कागदावर लिहा.

घरची नाणी विकायला किंवा दाखवायला नेणार असाल तर

सगळा डबा उचलून नेऊ नका. फोटो काढा, दोन्ही बाजू, उजेडात, आणि नमुन्याला एखाददुसरं नाणं न्या. दोन-तीन जणांना दाखवा, एकाच्या शब्दावर थांबू नका. डीलर जो भाव देईल तो विकायच्या भावापेक्षा कमी असणारच, त्याचं पोट त्याच्यावर आहे.

आणि वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं द्या आणि लाखो रुपये न्या, हे व्हॉट्सॲपवरचं सोडून द्या. ती नाणी लाखोंनी निघालीयेत, चार पैसे जास्त मिळतील फार तर. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँक पडत नाही आणि त्यासाठी कुठलं शुल्क किंवा कमिशन घेत नाही. आधी रजिस्ट्रेशनचे पैसे भरा म्हणणारा प्रत्येक फोन कट करा. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांचे असे पैसे गेलेत, ते अजून कुणाशी बोलत नाहीत त्याबद्दल.

कायद्याच्या दोन गोष्टी

शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतं, ते देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही, अमेरिकेतल्या भाचीला भेट म्हणून सुद्धा नाही. आणि शेतात, वाड्याच्या पायात हंडा सापडला तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही असलं तरी कलेक्टरला कळवावं लागतं. लोक घाबरून वितळवतात आणि इतिहास कायमचा जातो. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा हंडा सापडला, तेरा हजारांहून जास्त नाणी, आणि त्यातल्या नऊ हजारांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा पुन्हा मारलेला होता. कुणी कुणाला हरवलं हे त्या नाण्यांच्या अंगावरच लिहिलेलं आहे. तो हंडा भट्टीत गेला असता तर?

घरी आल्यावर त्याच रात्री

थकलेले असाल तरी ही कामं उद्यावर टाकू नका. प्रत्येक नाण्याच्या होल्डरवर पेनाने लिहा, काय, कुणाकडून, कधी, किती रुपयांना, वजन किती भरलं. नाणं आत असताना स्टेपल मारताना जपून, पिन दाबून सपाट करा नाहीतर शेजारच्या नाण्याला ओरखडा. डीलरने मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटात दिलं असेल तर त्यातून लगेच काढा, ते पीव्हीसी असतं, वर्ष-दोन वर्षांत नाण्यावर हिरवा चिकट थर धरतं. पुण्याचा पावसाळा फार बेकार आहे तांब्यासाठी, जून ते सप्टेंबर डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, महिन्याने बदला, आणि डबा बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका, ओल तिथूनच येते. लाकडी डबा किंवा रबर बँड पण नको.

वहीत ज्यांच्याशी बोललात त्यांचा टेबल नंबर आणि गाव लिहिलंय ना ते बघा, आणि त्यातल्या एकाला, ज्याने तुम्हाला वेळ दिला त्याला, दुसऱ्या दिवशी एक मेसेज टाका की काल तुम्ही दाखवलेली ती दोन नाणी, फरक आता कळला. त्या वयस्कर डीलरना मी असाच मेसेज टाकला होता, माझ्या त्या ओतीव शिवराईचा फोटो जोडून. तेव्हापासून नवीन शिवराई हातात आली की ते मला आधी फोटो पाठवतात आणि खाली लिहितात, तूच बघ.